मनगटाचा कोन

सायकल चालवताना हात दुखतात असं दुकानात सांगितलं की सगळ्यात आधी समोर येतात त्या मऊ ग्रिप. जेलच्या, फोमच्या, हव्या त्या रंगातल्या. त्या घ्याव्यात की नाही, एवढ्याच प्रश्नावरून आमच्या घरी बोलणं सुरू झालं. मग ते ग्रिपवरून हँडलवर गेलं, हँडलवरून सीटवर आणि तिथून हाताच्या नसांवर. साठीच्या आसपास पुन्हा सायकलवर बसलेली पुष्कळ माणसं मला रस्त्यात भेटतात आणि त्यातली निम्मी हात झटकत असतात. त्यांच्यासाठी हे लिहून काढते आहे.

बोलणारे दोघे. एक माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी चिंचवडच्या मशीन शॉपमध्ये झाली, अजून डबलबार सायकलच चालवतो. दुसरी माझी लेक, फिजिओथेरपिस्ट, आणि दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणारी. सायकल माझी, सरळ हँडलची, गिअरची, दुकानात ‘हायब्रिड’ म्हणून विकतात तशी. हातही माझेच. सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत जाते. धायरी फाटा मागे पडला की उजव्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या यायला लागतात, आणि घरी येईपर्यंत मनगटाची वरची बाजू ठणकायला लागते.

दादा : ग्रिप बदलून काही होणार नाही. हँडलच बदलायला हवं. असा सरळ दांडा तासन्‌तास धरायला माणसाचा हात केलेलाच नाही.

लेक : मामा, हँडलवर लगेच जाऊ नकोस. आईच्या हातांवर भार येतोय. तो का येतोय ते आधी बघायला हवं. भार तसाच राहिला तर तू कुठलंही हँडल बसव, बोटं बधिर व्हायचीच.

दादा : भाराचं तू बघ. मी वळणाचं बोलतोय. दोन पेन्सिली आण.

त्याने मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सायकल धरल्यासारखे हात पुढे करायला सांगितले. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल, मूठ सैल. डोळे उघडले तर दोन्ही पेन्सिली एका रेषेत नव्हत्या. करंगळीकडची टोकं माझ्या अंगाकडे वळलेली होती आणि किंचित खाली कललेली होती. मग त्याने एक सरळ काठी आडवी धरून माझ्या मुठी तिच्यावर ठेवल्या. ती पकडायची तर मला एकतर मनगटं अंगठ्याच्या बाजूला वळवावी लागत होती, नाहीतर कोपरं बाहेर फाकवावी लागत होती. हा प्रयोग वाचणाऱ्याने घरी करून बघावा. दोन पेन्सिलींपलीकडे त्याला काही लागत नाही, आणि आपल्या हाताला कुठला कोन हवा आहे ते कुठल्याही विक्रेत्यापेक्षा त्यातून जास्त नीट कळतं.

दादा : आता तुझ्या सायकलचं हँडल बघ. मागे वळलंय ते जेमतेम सात अंश. या प्रकारच्या सायकलींना सहसा पाच ते नऊ अंशच वळण असतं. तुझी पेन्सिल त्याच्या दुप्पट तरी वळली होती. राहिलेला कोन कोण भरून काढतं? मनगट. दर वेळी, पूर्ण रस्ता.

लेक : हे मला मान्य आहे. पण अख्खं दुखणं त्या कोनात आहे असं नाही.

दादा : आपल्या बाबांची सेन-रॅले आठवते ना तुला? आसनसोलच्या कारखान्यातली. तिचं हँडल मागे इतकं वळलेलं की मुठी जवळजवळ समोरासमोर यायच्या. इंग्लंडमध्ये त्या आकाराला नॉर्थ रोड म्हणतात. बाबा त्या सायकलवर गहू दळून आणायचे, कामावर जायचे, मला दांडीवर बसवून न्यायचे. हात दुखल्याचं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

लेक : आजोबा ताठ बसायचे, मामा. सगळं वजन त्या रुंद, स्प्रिंगच्या सीटवर. हात नुसते दिशा द्यायला. शिवाय टायर २८ बाय दीडचे, जाडजूड. आणि चढ आला की ते उतरून चालायचे. मला खंबाटकी चढायचा असतो, समोरून वारा असतो. असं छाती पुढे करून बसले तर मी वाऱ्यालाच ढकलत राहीन.

दादा : आणि तू ती मेंढ्याच्या शिंगांसारखी हँडलं लावून कमरेत वाकतेस. त्याने हात बरे राहतात?

लेक : राहतात. ६०० किलोमीटरच्या बीआरएमला ४० तास मिळतात, तेवढा वेळ एकाच जागी हात ठेवला तर कुठल्याही हँडलवर सुन्न होईल. माझ्या हँडलवर हात ठेवायला तीन जागा आहेत. वरचा सपाट भाग, ब्रेकच्या लिव्हरवरची बोंडं, आणि खालची वळणं. मी सारखी जागा बदलते. आणि बहुतेक वेळ हात असतात ते बोंडांवर. तिथे माझे तळवे एकमेकांकडे बघतात, तुझ्या सेन-रॅलेसारखेच.

इथे दादा थांबला. मला वाटतं सगळ्या बोलण्यातली ही सर्वात महत्त्वाची जागा होती. दोघांच्या सायकली एकमेकींपासून जितक्या लांब असू शकतील तितक्या लांब होत्या, पण हाताची ठेवण दोघांनी एकच निवडली होती. तळवे जमिनीकडे करून, आडव्या सरळ दांड्यावर हात टाकणारी त्या खोलीत मी एकटीच होते. आणि आज शहरात विकल्या जाणाऱ्या गिअरच्या सायकलींपैकी फार मोठा भाग माझ्यासारख्या सरळ हँडलचाच असतो.

मग लेकीने माझा हात हातात घेतला.

लेक : आई, मुंग्या कुठल्या बोटांना, ते परत सांग. कारण ते फार महत्त्वाचं आहे. हाताच्या पंज्यात येणाऱ्या दोन मोठ्या नसा इथे आपल्या कामाच्या. एक मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोगद्यातून येते. त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. ही नस दबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. मनगट मागे मोडलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. दुसरी नस करंगळीच्या बाजूने येते, तळहाताच्या टाचेतून. तिथे दोन छोट्या हाडांच्या मधून तिची वाट आहे. गुयाँ नावाच्या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये ती वर्णन केली. तिथे ती अगदी उथळ असते. तू हँडलवर जिथे भार टाकतेस ना, बरोब्बर तिथे.

दादा : म्हणजे हिची करंगळीची नस दबते.

लेक : हो. सायकलवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला सायकलवाल्यांचा लकवा म्हणूनच ओळखतात. आणि मनगटाच्या वर ठणकतं ते हात मागे मोडल्यामुळे. दोन तक्रारी, दोन कारणं. म्हणून एकच वस्तू आणून दोन्ही जातील असं धरून चालायचं नाही.

दादा : मग मऊ ग्रिप तरी घेऊ दे तिला. दाब कमी होईल.

मऊ ग्रिपची बाजू शेवटी दादाने घ्यावी याचं मला आश्चर्य वाटलं. पण लेक तिथे ठाम होती, आणि आता वापरून बघितल्यावर मीही आहे.

लेक : मऊ वस्तू दाबली की बसते. पहिली दहा मिनिटं छान वाटतं, मग तळहाताची टाच तिच्यात रुतते आणि खालचा दांडा लागायला लागतो. हात तिच्यावर हलतो म्हणून आपण मूठ आणखी आवळतो. जाड जेलची ग्रिप आईच्या लहान पंज्याला तर फारच वाईट, कारण बोटं पुरती वळतच नाहीत. शिवाय ते मऊ रबर आपल्या उन्हाळ्यात चिकट होतं. दाब कमी करायचा तर तो पसरवायला हवा, नुसता गिळून उपयोग नाही.

पसरवायचा म्हणजे काय, ते मागच्या बाजूला पंखासारख्या पसरट होणाऱ्या ग्रिपमध्ये दिसतं. जर्मनीच्या एर्गॉन कंपनीने हा आकार सगळीकडे नेला, आता इतरही पुष्कळ जण बनवतात. एरवी गोल दांड्यावर तळहात एका चिंचोळ्या रेघेवर टेकतो. या ग्रिपवर अख्खी टाच टेकते. पण त्यात एक मेख आहे आणि ती दादाने काढली.

दादा : ती पसरट बाजू ज्या कोनात बसवाल त्या कोनात मनगट अडकतं. जरा वर राहिली तर ती मनगटाला मागेच ढकलणार. म्हणजे पैसे देऊन दुखणं घेतलं. आणि नुसती दाबून बसवायची असली तर वजनाने ती फिरते. बोल्टने आवळायची असेल तीच घ्यायची. बोल्ट सैल ठेवून सीटवर बसायचं, हात जसे टेकतात तसे टेकू द्यायचे, ग्रिप फिरवून त्यांच्याखाली आणायची, मग आवळायचं. दुकानाच्या स्टँडवर उभ्या सायकलवर हे जमत नाही.

लेक : आणि मापात घ्यायची. लहान हाताला लहान. गिअर मुठीने पिळून बदलायचे असतील तर ग्रिपची लांबी आखूड लागते, तेही बघून.

एव्हाना सायकल बाल्कनीतून हॉलमध्ये आली होती. लेकीचा हट्ट असा की खर्च करण्याआधी जे फुकट होतं ते सगळं करून बघायचं. या हट्टावर मी पूर्ण तिच्या बाजूची आहे. पुढे जे सांगते त्याला ऍलन की लागतात, बाकी फारसं काही नाही.

पहिलं ब्रेकचं लिव्हर. माझ्या सायकलवर ते जवळजवळ जमिनीला समांतर होतं. त्यावर बोटं ठेवायची तर मनगट मागे मोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पुण्याच्या रस्त्यावर बोटं ब्रेकवरून काढायची सोय नाही. लेकीने मला सीटवर बसवलं, दादाने मागून सायकल धरली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताची पाठ एका रेषेत येईल इतकं लिव्हर खाली फिरवलं. माझ्याबाबतीत ते बरंच फिरलं. मग लिव्हरच्या बुडाशी असलेला बारीक स्क्रू फिरवून तिने ते हँडलच्या जवळ आणलं, कारण माझी बोटं आखूड आहेत आणि तिथवर पोचायला मी अख्खा पंजा पुढे सरकवत होते. हा स्क्रू कित्येक सायकलींवर असतो. विकणाऱ्याने तो दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही. मनगटाचा वरचा ठणका या दोन फेऱ्यांनी जितका कमी झाला तितका पुढच्या कशानेच झाला नाही.

दुसरं सीट. तिचं नाक खाली झुकलेलं होतं. अशा सीटवरून माणूस हळूहळू पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. लेकीने सीट सपाट केली.

दादा : आणि हिला हँडल लांब पडतंय. सीट पुढे घे.

लेक : नाही मामा, सगळे हेच करतात. सीट पुढे घेतली की अंतर कमी होतं, पण अंगाचं वजनही पुढे जातं, थेट हातांवर. कमरेतून वाकल्यावर तोल पेडलवर राहील इतकी सीट मागेच हवी. अंतर कमी करायचं तर हँडलच्या बाजूने करायचं.

दादा : म्हणजे मी म्हणतो तेच. हँडल मागे आणायचं.

लेक : अंतराच्या बाबतीत, हो.

टायरचं दोघांचं एकमत होतं, म्हणून ते लवकर संपलं. टायरच्या कडेला छापलेला हवेचा मोठा आकडा ही मर्यादा असते. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईने ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये तितकी हवा भरली तर प्रत्येक गतिरोधक तिच्या तळहातातून जातो. हवा उतरवली. हातमोज्यांबद्दल लेक एवढंच म्हणाली की शिवण करंगळीच्या टाचेवर येत नसेल तर घाल.

मग काही आठवडे मी तशीच सायकल चालवली. मनगट शांत झालं. करंगळी सुधारली, पण पुरती नाही. धायरीऐवजी मुंग्या किरकटवाडीच्या पुढे यायला लागल्या. दादाला हेच हवं होतं.

दादा : तुझी फुकटातली सगळी औषधं झाली ना? आता हँडल. किती मागे वळवायचं ते ठरवू. जर्मनीचे एसक्यूलॅबवाले १२ आणि १६ अंशांची बनवतात. अमेरिकेत जेफ जोन्स म्हणून आहेत, त्यांचं हँडल ४५ अंश मागे जातं आणि लोक ते घेऊन डोंगरात फिरतात. आणि आपलं साधं नॉर्थ रोडच्या आकाराचं तर कुठल्याही जुन्या सायकल दुकानात मिळतं.

लेक : आईला माझ्यासारखं ड्रॉप हँडल लावलं तर?

हा प्रश्न तिने मनापासून विचारला होता आणि दादाने तो तितक्याच मनापासून तपासला. मला त्यातून जे कळलं ते असं. सरळ हँडलचा मुठीचा भाग जगभर २२.२ मिलिमीटर जाडीचा असतो. ड्रॉप हँडलचा २३.८. म्हणजे माझे ब्रेक आणि गिअरची लिव्हरं त्यावर चढणारच नाहीत. नवी घ्यावी लागतील. माझे व्ही-ब्रेक आहेत, त्यांना वायर जास्त ओढावी लागते. ड्रॉप हँडलची नेहमीची लिव्हरं तेवढी ओढत नाहीत, म्हणजे ब्रेकचाही प्रश्न आला. अर्ध्या सायकलची किंमत त्यात जाईल. मागे वळलेल्या हँडलचं तसं नसतं. मुठीचा भाग तोच २२.२, त्यामुळे सगळी जुनी लिव्हरं सरळ सरकवून बसवता येतात. बघायचं ते मधल्या जाडीकडे, जिथे स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, पकडतं. ती २५.४ असते किंवा ३१.८, आणि स्टेमला जुळायलाच हवी.

लेक : ठीक. पण ४५ अंश नको. तितकं मागे वळलं की मुठी खूपच अंगाजवळ येतात, आई एकदम ताठ बसेल, मग धक्के हातांऐवजी कण्यात जातील. तिच्या सीटला स्प्रिंग नाहीत. चढावर उभी राहिली तर गुडघे मुठींना लागतील.

दादा : ती चढावर उभी राहत नाही.

लेक : राहील. पाय आता तयार होतायत तिचे.

सोळा अंशांवर दोघं थांबले. रुंदीवरही वाद झाला. माझं जुनं हँडल डोंगरी सायकलींच्या थाटात खूप रुंद होतं, आणि हात जितके फाकतात तितकं मनगट अंगठ्याकडे जास्त वळतं. दादाने नवं हँडल दोन्ही बाजूंनी सारखं कापून माझ्या खांद्यांहून थोडंच रुंद ठेवलं. कापण्याआधी ग्रिप आणि लिव्हरं आत सरकवून मला तशा रुंदीवर काही दिवस चालवायला लावली, आणि हे त्याने फार शहाणपणाचं केलं, कारण कापलेलं हँडल परत वाढत नाही.

लेकीने शेवटी दोन्ही टोकांना छोटी शिंगं लावली. सपाट रस्त्यावर, गर्दी नसेल तिथे, मी त्यांवर हात ठेवते; तळवे एकमेकांकडे होतात आणि टाच मोकळी राहते. तिथून ब्रेक हाती येत नाही, म्हणून नांदेड फाट्याच्या आत ती वापरायची नाहीत हा तिचा सक्त हुकूम आहे. हाताला दुसरी जागा मिळणं हा तिचा मूळ आग्रह होता, आणि करंगळीच्या मुंग्या खऱ्या अर्थाने त्या दिवसापासून थांबल्या. दादा ते श्रेय सोळा अंशांना देतो. मला दोघांचंही पटतं, पण कुणी एकच गोष्ट सुचव म्हटलं तर मी लिव्हर फिरवायला सांगेन, आणि दुसरी विचारली तर हाताला दुसरी जागा द्यायला.

एक गोष्ट लेकीने मला बजावून लिहायला सांगितली आहे. सायकलवरून उतरल्यावर मुंग्या थोड्या वेळात जात असतील तर सायकलची मांडणी बघावी. पण त्या रात्री झोपेतून उठवत असतील, हातातून भांडी सुटत असतील, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरवत नसेल किंवा अंगठ्याच्या बुडाचं मांस सपाट वाटायला लागलं असेल, तर हँडल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. नस कोपराशीही दबते, मानेतूनही. कोपर दुमडून फोन कानाला लावून बसणाऱ्यांच्या करंगळीलाही अशाच मुंग्या येतात आणि बिचाऱ्या सायकलवर आळ येतो.

आता वाद उरलाय तो स्टेमचा. नव्या हँडलमुळे मुठी मागे आल्या, म्हणून दादाला आहे त्याहून लांब स्टेम लावायचंय, म्हणजे सायकल वळताना चंचल वाटणार नाही.

लेक : वीस मिलिमीटरने वाढवलंस की आई परत पुढे झुकणार. दहाने वाढव. आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, मागच्या ब्रेकची वायर ताणली जातेय का.

दादा : वायर मी बदललीय कालच. दहा तर दहा. पण महिन्याने परत मोजायचं.

लेक : मोजू. पेन्सिली घेऊन.